आकड्याचे नावगाव

रिझर्व्ह बँकेची साप्ताहिक सांख्यिकी पुरवणी शुक्रवारी संध्याकाळी प्रसिद्ध होते. देशाकडे परकीय चलनाची गंगाजळी किती, हे तिच्यातल्या एका तक्त्यात दिलेले असते. गंगाजळी एकच, पण तिच्यासाठी स्तंभ दोन: एक कोटी रुपयांचा, दुसरा दशलक्ष डॉलरचा. शनिवारी सकाळी हीच बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा रक्कम अब्ज डॉलरमध्ये असते. एका रात्रीत एकाच रकमेचे तीन वेष झाले, तरी वाचकाचा गोंधळ होत नाही. प्रत्येक ठिकाणी आकड्याच्या डोक्यावर किंवा शेजारी त्याचे एकक लिहिलेले असते म्हणून.

आता त्या तक्त्यावर मनातल्या मनात खोडरबर फिरवा. शीर्षक पुसा, एकक पुसा, तारीख पुसा, तळटीप पुसा. मागे राहतात ते नुसते अंक. ते पैसे आहेत, माणसे आहेत की पावसाचे मिलिमीटर, हे सांगायला कोणी नाही. आपण जे पुसले त्याला सांख्यिकीत मेटाडेटा म्हणतात: आकड्याचे नावगाव, कूळ आणि पत्ता. मराठीत डेटाला ‘विदा’ म्हणणारे काही आग्रही लोक आहेत, पण मेटाडेटासाठी अजून रुळलेला शब्द सापडलेला नाही. इथे मेटाडेटाच म्हणू.

स्वीडनच्या सांख्यिकी कार्यालयात काम करणाऱ्या बू सुंडग्रेन यांनी १९७३ सालच्या आपल्या प्रबंधात या कल्पनेचा पद्धतशीर पाया घातला. संगणकाच्या पोटात आकडे ठेवायचे असतील, तर त्या आकड्यांचा अर्थही त्याच पोटात, त्याच शिस्तीने ठेवला पाहिजे, असा तो विचार. आज तो इतका साधा वाटतो की कोणी तरी मांडावा लागला होता हेच नवल वाटते. पण पन्नास वर्षांपूर्वी अर्थ माणसाच्या डोक्यात असायचा, नाही तर कपाटातल्या फायलीत. माणूस निवृत्त झाला, कपाट हलवले, की आकडे अनाथ.

अर्थ हरवण्यासाठी आकडा चुकीचा असावा लागत नाही. भारताच्या २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील लोकांमधला बेरोजगारीचा दर ३.२ टक्के आहे आणि ४.९ टक्केही आहे. दोन्ही एकाच अहवालातले, दोन्ही बरोबर. पहिल्यात गेल्या ३६५ दिवसांत माणूस साधारणपणे काय करत होता ते विचारले जाते. दुसऱ्यात फक्त गेले सात दिवस पाहतात आणि त्या सात दिवसांत एका दिवशी एक तास जरी काम केले असेल, तरी तो माणूस कामावर होता असे धरतात. चॅनेलवरच्या चर्चेत एकाने पहिला आणि दुसऱ्याने दुसरा आकडा घेतला, तर रात्रभर भांडता येते. दोघांनी आकड्याबरोबर त्याची व्याख्याही आणली असती, तर चर्चा पाच मिनिटांत आटोपली असती. चॅनेलला ते परवडले नसते, ही गोष्ट वेगळी.

हा झाला एका देशातला, एका अहवालातला प्रश्न. आता दोनशे देश, प्रत्येकाचे सांख्यिकी कार्यालय, मध्यवर्ती बँक, अर्थखाते आणि त्यांच्याकडे आकडे मागणाऱ्या डझनभर आंतरराष्ट्रीय संस्था असा पसारा डोळ्यांसमोर आणा. या सगळ्यांनी आकड्याचे नावगाव एकाच रीतीने लिहावे, म्हणून गेल्या पाऊणशतकात काही हजार माणसांनी बैठका घेतल्या, याद्या केल्या, शब्दांवरून वाद घातले. जगाला त्यांची नावे ठाऊक नाहीत.

इच्छा जुनीच होती. बेल्जियमचे आदोल्फ केतले यांच्या पुढाकाराने १८५३ मध्ये ब्रुसेल्सला पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली, ती देशादेशांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणूनच. १८७६ च्या बुडापेस्टपर्यंत अशा नऊ परिषदा झाल्या. ठराव पुष्कळ झाले. पाळायला कोणी बांधील नव्हते. त्या परंपरेतून एक गोष्ट मात्र टिकली. जाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची यादी तयार केली आणि १८९३ मध्ये शिकागोला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या अधिवेशनाने ती स्वीकारली. आज रुग्णालयात आजारासाठी जो आयसीडी कोड लिहितात, तो त्या यादीचा वंशज. यादी छोटी होती, उपयोग रोजचा होता, म्हणून ती जगली. पुढच्या सगळ्या प्रयत्नांना हाच निकष लागू पडला.

संगणक आल्यावर प्रश्न सुटण्याऐवजी आधी चिघळला, कारण प्रत्येकाने आपापला साचा बनवला. १९९० च्या दशकात मध्यवर्ती बँकांनी ‘जेस्मेस’ नावाचा एक सामाईक संदेशप्रकार वापरायला घेतला. बंदरांत आणि सीमाशुल्क कार्यालयांत मालाचे कागद संगणकावरून पाठवण्यासाठी जी संयुक्त राष्ट्रांची संदेशपद्धत होती, तिच्याच घराण्यातला हा प्रकार. अधिकची चिन्हे, अपूर्णविराम, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अपोस्ट्रॉफी. माणसाने वाचावे असे त्यात काही नव्हते, पण यंत्राला ते चोख कळत होते. १ जानेवारी १९९९ रोजी अकरा देशांनी युरो स्वीकारला. एकच चलन म्हटल्यावर अकरा देशांच्या बँकांमधला पैसा, कर्जे आणि किंमती यांचे आकडे फ्रँकफुर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेत एकाच मापाने येणे भाग होते. गरज पडली की माणसे एकत्र बसतात. इथे गरज चलनाचीच होती.

मग २००१ मध्ये सात संस्था एकत्र आल्या: बाझेलची आंतरराष्ट्रीय समायोजन बँक, फ्रँकफुर्टची युरोपीय मध्यवर्ती बँक, लक्झेंबर्गचे युरोस्टॅट, वॉशिंग्टनमधला नाणेनिधी आणि तिथलीच जागतिक बँक, पॅरिसची ओईसीडी आणि न्यूयॉर्कमधला संयुक्त राष्ट्रांचा सांख्यिकी विभाग. पुढे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनाही त्यांना येऊन मिळाली. या सातही संस्था देशांकडे आकडे मागणाऱ्या. एकाच देशाच्या एकाच आयातीचा आकडा एकीला एका नमुन्यात, दुसरीला दुसऱ्या नमुन्यात आणि तिसरीला आणखी वेगळ्या शीर्षकाखाली पाठवावा लागे. ज्या देशाच्या कार्यालयात माणसे कमी, त्याचे अर्धे मनुष्यबळ नमुने भरण्यात जायचे. मागणाऱ्यांनी स्वतःच आपले फॉर्म एकसारखे करायला बसावे, हे कार्यालयीन जगातले खरे आश्चर्य. आपल्याकडे दोन खिडक्यांवरचा फॉर्मही एकसारखा होत नाही.

या उपक्रमाला ‘स्टॅटिस्टिकल डेटा अँड मेटाडेटा एक्स्चेंज’ असे नाव मिळाले. आद्याक्षरांनी एसडीएमएक्स. त्याची करामत समजण्यासाठी एक किल्ली जवळून पाहू:

ईएक्सआर.डी.आयएनआर.ईयूआर.एसपी००.ए

युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या आकड्यांच्या कोठारात रुपया या पत्त्यावर राहतो. प्रत्यक्षात ही रोमन लिपीतली पंधरा अक्षरे-अंक आणि पाच टिंबे आहेत. पहिला तुकडा सांगतो की हा विनिमय दर आहे. दुसरा, ‘डी’, म्हणजे दररोजचा. तिसरा भारतीय रुपया, चौथा युरो. रुपया आधी आणि युरो नंतर, म्हणजे एका युरोला किती रुपये. जागा उलटल्या, तर अर्थ उलटतो. पाचवा तुकडा म्हणजे हातोहात व्यवहाराचा दर, पुढच्या तारखेचा वायदा नव्हे. शेवटचा ‘ए’ म्हणजे सरासरी.

‘डी’च्या जागी ‘एम’ घातले, की मासिक सरासरी मिळते. शेवटच्या ‘ए’च्या जागी ‘ई’ घातले, की महिनाअखेरचा दर. तिसरी जागा मोकळी सोडून दोन टिंबे लागोपाठ ठेवली, की सगळ्या चलनांचे दर एकदम येतात. पुण्यातला विद्यार्थी असो वा फ्रँकफुर्टमधला बँकर, पत्ता तोच. पोस्टाच्या पिनकोडने पत्राचे जे केले, तेच या टिंबांनी आकड्याचे केले.

किल्लीच्या प्रत्येक तुकड्यामागे एक कोडलिस्ट असते आणि खरी मेहनत तिथे आहे. वारंवारितेची यादी घ्या: वार्षिक, तिमाही, मासिक, साप्ताहिक, दैनिक. यात काय वाद होणार, असे वाटते. मग कोणी तरी विचारतो, शेअर बाजार आठवड्यात पाचच दिवस चालतो, त्याला दैनिक म्हणायचे का? म्हणून ‘कामकाजाचा दिवस’ अशी वेगळी नोंद येते, तिला ‘बी’. लिंगाच्या यादीत पुरुषाला ‘एम’ आणि एकूण बेरजेला अंडरस्कोर लावून ‘_टी’. हा अंडरस्कोर मला फार आवडतो. ‘एकूण’, ‘लागू नाही’, ‘माहीत नाही’ ही उत्तरे सगळ्याच याद्यांमध्ये लागतात. त्यांना सगळीकडे सारखेच चिन्ह दिले आणि खऱ्या कोडांपासून वेगळे दिसावे म्हणून पुढे एक आडवी रेघ ओढली.

एकच ‘एम’ वारंवारितेच्या यादीत मासिक, लिंगाच्या यादीत पुरुष आणि नोंदीच्या स्थितीच्या यादीत ‘असा आकडा असूच शकत नाही’ असे सांगतो. गोंधळ होत नाही, कारण अक्षराला अर्थ त्याची जागा देते. आपल्याकडे ‘काका’ म्हटले की वडिलांचा भाऊ की दुकानातला वाणी, हे संदर्भानेच कळते ना.

रिकाम्या चौकटीबद्दल मात्र थोडे थांबूनच लिहिले पाहिजे. तक्त्यातली एखादी चौकट मोकळी असते किंवा तिच्यात आडवी रेघ असते. बहुतेक जण तिला शून्य समजतात. वर्षानुवर्षे संगणकही समजत आले आणि बेरजा बिघडत राहिल्या. शून्य म्हणजे मोजले आणि काहीच निघाले नाही. रिकामे म्हणजे काय, याची एसडीएमएक्सच्या यादीत वेगवेगळी उत्तरे आहेत. एक वर सांगितलेले ‘एम’: पुरुषांच्या रकान्यात बाळंतपणातल्या मृत्यूंचा आकडा असूच शकत नाही. दुसरे ‘एल’: वस्तुस्थिती आहे, पण ती गोळा केली नाही. १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये अशांततेमुळे जनगणना झाली नाही. माणसे तिथे राहत होती, मोजणारे गेले नव्हते. १९८१ मध्ये आसामचे तसेच झाले. तिसरे ‘क्यू’: आकडा आहे, पण मुद्दाम झाकला आहे. एखाद्या तालुक्यात साखर कारखाना एकच असेल, तर ‘तालुक्यातील साखर उत्पादन’ छापणे म्हणजे त्या कारखान्याची वही उघडणे. म्हणून कायद्याने झाकतात. असूच शकत नाही, मोजले नाही, सांगत नाही: तीन मोकळ्या चौकटी, तीन निराळे मौन. ज्यांनी शून्याला अंकाचा मान दिला, त्यांच्या देशातल्या वाचकाला ‘नसण्या’चे हे बारकावे पटायला हरकत नसावी.

जिथे आकडा आहे, तिथेही त्याची प्रकृती लिहावी लागते. ‘पी’ म्हणजे तात्पुरता, ‘ई’ म्हणजे अंदाजित. आपल्या जीडीपीचा पहिला आगाऊ अंदाज जानेवारीत येतो, दुसरा फेब्रुवारीच्या शेवटी, तात्पुरता मेअखेरीस आणि त्यानंतरही सुधारणा चालूच राहतात. प्रत्येक वेळी बातमी तितक्याच मोठ्या मथळ्याने छापली जाते. यंत्राला मात्र त्या एका अक्षरावरून कळते, की या आकड्याची हळद अजून उतरलेली नाही.

आणि ‘बी’ म्हणजे मालिका तुटली. वारंवारितेतला ‘बी’ वेगळा, हा स्थितीचा. ठाणे जिल्ह्याचे उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेत १,१०,६०,१४८ लोकसंख्येचा ठाणे हा देशातला सर्वांत मोठ्या वस्तीचा जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर वेगळा झाला. पुढच्या कोणत्याही तक्त्यात ठाण्याची लोकसंख्या, शाळा, विहिरी, बैलजोड्या सगळे एकदम खाली येणार. विहिरी बुजल्या नाहीत, बैल मेले नाहीत, नकाशावर रेघ ओढली गेली. त्या वर्षाच्या आकड्याशेजारी ‘बी’ नसेल, तर वीस वर्षांनी एखादा अभ्यासक ‘ठाण्याच्या ग्रामीण ऱ्हासा’वर प्रबंध लिहील आणि त्याला पदवीही मिळेल.

पहिल्या परिच्छेदातले कोटी आणि दशलक्ष इथे परत येतात. रक्कम हजारांत आहे की अब्जांत, हे सांगायला एसडीएमएक्समध्ये गुणकाची एक खूण ठेवली आहे. ती शब्दात नाही, दहाच्या घातात लिहितात. हजाराला ३, दशलक्षाला ६, अब्जाला ९. इंग्रजीतल्या ‘बिलियन’वरून युरोपात पूर्वी मोठा घोळ व्हायचा. कुठे त्याचा अर्थ हजार दशलक्ष, कुठे दशलक्ष दशलक्ष. घाताच्या अंकाने तो मिटला. त्याच हिशेबाने लाख म्हणजे ५ आणि कोटी म्हणजे ७. आपली मोजदाद त्यांच्या भाषेत मावत नव्हती, अंकात बरोबर मावते.

वर्षाचेही तसेच. भारताचे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, शेतीचे वर्ष जुलैला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या बहुतेक फेऱ्याही जुलै ते जून चालत आल्या. ‘२०२३ ची पहिली तिमाही’ म्हटले, की लंडनला जानेवारी-मार्च आठवतो आणि मुंबईला एप्रिल-जून. एकवाक्यता करणारे लोक इथे सहज म्हणू शकले असते, की सगळ्यांनी जानेवारीपासून वर्ष धरा. तसे त्यांनी म्हटले नाही. २०११ च्या आवृत्तीत त्यांनी आकड्यांच्या संचाला ‘अहवाल-वर्ष कोणत्या दिवशी सुरू होते’ असे एक लेबल जोडण्याची सोय केली. त्यात ‘चौथ्या महिन्याची पहिली तारीख’ असे लिहिले, की यंत्र आपोआप पहिली तिमाही एप्रिल-जून समजते.

माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचे मर्म इथे आहे. केतल्यांच्या परिषदांना देशांनी सारखे मोजावे असे वाटत होते आणि ते जमले नाही. एसडीएमएक्सने प्रत्येकाला आपल्या रीतीने मोजू दिले, फक्त ती रीत ठरलेल्या जागी, ठरलेल्या खुणेने लिहायला लावली. पंक्तीला बसणाऱ्याने काय खावे हे सांगितले नाही, पण मीठ पानात कुठे वाढायचे हे ठरवले.

हे सगळे तयार झालेल्या तक्त्यांविषयी झाले. तक्ता तयार होण्याआधी मात्र कोणी तरी दारात उभे राहून प्रश्न विचारलेला असतो. त्या टोकाला दुसराच एक संसार चालू होता, सरकारांचा नव्हे, विद्यापीठांचा. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या अॅन आर्बर गावात १९६२ पासून सामाजिक सर्वेक्षणांच्या कच्च्या नोंदी सांभाळणारे एक मोठे भांडार आहे, आयसीपीएसआर. कच्ची नोंद म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची जुनी फाइल उघडली तेव्हा पाहिले. स्तंभ नाहीत, स्वल्पविराम नाहीत, मधे जागा नाही. ओळीमागून ओळ नुसते अंक, जणू कोणी टंकलेखन यंत्रावर झोपी गेले आहे. सोबत ‘लेआउट’ नावाची वेगळी फाइल असते. अमुक अंकापासून तमुक अंकापर्यंत राज्य, पुढचे दोन अंक घरातल्या माणसांची संख्या, असे तिच्यात लिहिलेले. लेआउट असेल तर ती ओळ म्हणजे एक कुटुंब: त्यांचे धान्य, त्यांचे कर्ज, त्यांच्या मुलीचे शिक्षण. एकदा एका कार्यालयातून मला डेटाची सीडी मिळाली आणि लेआउट मिळाले नाही. ‘ते साहेबांकडे होते, साहेबांची बदली झाली.’ त्या सीडीत काही हजार कुटुंबे आहेत. अजून माझ्या खणात पडून आहेत.

अॅन आर्बरच्या भांडारात असे लेआउट छापील ‘कोडबुक’ म्हणून असत, हजारोंनी. ते यंत्राला वाचता यावेत म्हणून १९९५ मध्ये ‘डेटा डॉक्युमेंटेशन इनिशिएटिव्ह’ सुरू झाला, तो डीडीआय. पहिली आवृत्ती २००० मध्ये आली, २००३ मध्ये तिचा कारभार पाहणारा संघ उभा राहिला. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी मोठी उडी मारली. फाइलचे वर्णन करून न थांबता सर्वेक्षणाचे सगळे आयुष्य त्यात घेतले: प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, ‘नाही’ उत्तर आले तर पुढच्या कोणत्या प्रश्नावर जायचे, नमुना कसा निवडला.

एका प्रश्नाचे शब्द किती महत्त्वाचे, हे ‘वय’ या साध्या गोष्टीवरून कळते. ‘बाईंचे वय किती?’ विचारले, तर आपल्याकडे सासू सांगते, ‘तिला पंचविसावे लागले.’ म्हणजे पूर्ण झालेली वर्षे चोवीस. जनगणनेला पूर्ण वर्षे हवी असतात. शिवाय नक्की ठाऊक नसेल, तर माणसे शून्य किंवा पाच शेवटी येईल असा आकडा सांगतात. भारताच्या वयांच्या तक्त्यांत तीस, पस्तीस, चाळीस असे उंचवटे त्यामुळेच दिसतात.

तर एका बाजूला दारातल्या प्रश्नापर्यंत पोचणारे डीडीआय, दुसऱ्या बाजूला जिनेव्हा-वॉशिंग्टनला जाणारे तक्ते वाहणारे एसडीएमएक्स. आकड्याचा प्रवास एकच, पण अर्ध्या वाटेवर गाडी बदलावी लागे आणि बदलताना सामान राहून जाई. तक्त्यातला ‘बेरोजगार’ दारात कोणत्या प्रश्नातून आला, हा धागा नेमका तिथे तुटायचा. दोन्ही प्रमाणांच्या मंडळींनी या शतकाच्या दुसऱ्या दशकात आपसांत संवाद सुरू केला. मध्यस्थ होता जिनेव्हातला संयुक्त राष्ट्रांचा युरोपसाठीचा आर्थिक आयोग, जिथे सांख्यिकी मेटाडेटावर वर्षानुवर्षे बैठका होत आल्या होत्या.

तिथल्या लोकांनी आधी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. आकडा कारखान्यातल्या मालासारखा कोणकोणत्या टप्प्यांतून जातो, याचा नकाशा काढला. मूळ आराखडा न्यूझीलंडच्या सांख्यिकी कार्यालयाचा. तो सगळ्यांना लागू पडेल असा करून २००९ मध्ये प्रसिद्ध केला: गरज ओळखणे, आखणी, बांधणी, गोळा करणे, प्रक्रिया, विश्लेषण, प्रसार, मूल्यमापन. त्या आवृत्तीत ‘जतन’ हाही एक टप्पा होता. २०१३ च्या आवृत्तीत तो काढला, कारण जतन शेवटी करायचे नसते, पहिल्या दिवसापासून करायचे असते. बदली झालेल्या साहेबांना हे कोणी तरी सांगायला हवे होते.

पण टप्प्यांची नावे जुळली तरी वस्तूंची जुळत नव्हती. डीडीआयवाला ‘व्हेरिएबल’ म्हणाला, की त्याच्या डोळ्यांपुढे फाइलमधला स्तंभ येई. एसडीएमएक्सवाला त्याच गोष्टीला ‘डायमेन्शन’ म्हणे आणि त्याच्या डोळ्यांपुढे किल्लीतले टिंब येई. दोघेही मान डोलवत आणि बैठक संपल्यावर वेगवेगळ्या गोष्टी करत. म्हणून २०१२ मध्ये निरनिराळ्या देशांचे जाणकार काही आठवडे एकत्र बसवले गेले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात ‘जेनेरिक स्टॅटिस्टिकल इन्फर्मेशन मॉडेल’ बाहेर आले. त्याने ‘व्हेरिएबल’ची उतरंड लावली. सगळ्यांत वर नुसती कल्पना: वय. तिच्याखाली ती कोणाची: व्यक्तीचे वय. त्याखाली ती कशी मांडायची: पूर्ण वर्षांत, अंकांनी. सर्वांत खाली प्रत्यक्ष नमुना: या सर्वेक्षणाच्या या फाइलमधला हा स्तंभ. ‘पंचविसावे लागले’ आणि ‘चोवीस पूर्ण’ वरच्या दोन पायऱ्यांवर एकच असतात, तिसरीवर वेगळे होतात. कोणत्या पायरीपर्यंत दोन आकडे सारखे आहेत हे सांगता आले, की त्यांची तुलना करायची की नाही हे ठरवता येते. दोन्ही प्रमाणे या उतरंडीशी आपापले शब्द जोडू शकली. कोणाला आपला शब्द सोडावा लागला नाही.

नावे जुळली की काय होते, याचे उदाहरण जवळच आहे. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या देखरेखीखाली १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होते. हे सर्वेक्षण ज्या जागतिक कार्यक्रमाच्या धर्तीवर चालते, त्यात नव्वदहून अधिक देश होते आणि त्या सगळ्यांच्या प्रमाणित फाइलींमध्ये ‘व्ही०१२’ या नावाचा स्तंभ म्हणजे मुलाखत दिलेल्या स्त्रीचे वय. माली असो, नेपाळ असो वा महाराष्ट्र. एका विद्यार्थिनीने लिहिलेली दहा ओळींची आज्ञावली नव्वद देशांवर चालते, ती केवळ या स्तंभाच्या नावामुळे. ते नाव ठरवणाऱ्यांनी एका दुपारी केलेल्या कामाने जगभरात किती दुपारी वाचल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

एसडीएमएक्सच्या मान्यतेची वाट मात्र सरकारी वेगाने चालली. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने आकड्यांच्या देवाणघेवाणीसाठी एसडीएमएक्सला पसंतीचे प्रमाण म्हटले. २०१३ मध्ये ते आयएसओ १७३६९ झाले. २०१९ मध्ये शाश्वत विकास उद्दिष्टांच्या निर्देशकांसाठी जगभराचा एक सामाईक साचा आला. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीने जुन्या अपोस्ट्रॉफीवाल्या संदेशांना निरोप दिला. कागदावर विजय पूर्ण आहे. प्रत्यक्षात आजही कितीतरी कार्यालये एक्सेलची पाने ईमेलला जोडून पाठवतात, रंगवलेल्या चौकटी आणि एकत्र केलेल्या रकान्यांसह. त्यात त्यांचा आळस कमी आणि अडचण जास्त असते. कोडलिस्ट सांभाळायला माणूस लागतो, आणि मेटाडेटासाठी पद मंजूर करून घेणे कोणत्याही देशात सोपे नाही.

तरीही सामाईक कोड किती खोल रुजतो, हे पाहायला लांब जायला नको. खिशातले एखादे जीएसटीचे बिल काढा. महाराष्ट्रातल्या दुकानदाराचा क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्यातल्याचा ३० ने. हे जनगणनेचे राज्यकोड आहेत. देशाच्या उत्तर टोकाला ०१ पासून सुरुवात करून खाली उतरत आलेली ही मोजणी. करव्यवस्था नवी उभी राहिली तेव्हा तिने नवी यादी केली नाही, जनगणनेची उचलली. त्यामुळे चहाच्या बिलावरचा २७ आणि लोकसंख्येच्या तक्त्यातला २७ एकमेकांना ओळखतात. वाहनाच्या पाटीवरचा ‘एमएच’ मात्र वेगळ्या यादीतला, आणि दोन याद्यांमधला दुवा कोणी तरी कुठे तरी सांभाळून ठेवावा लागतो.

एसडीएमएक्समधली एक सोय आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. कोड यंत्रासाठी, नाव माणसासाठी, अशी त्यात वाटणी आहे. प्रत्येक कोडाला कितीही भाषांत नावे लावता येतात. नावापुढे फक्त भाषेची दोन अक्षरी खूण लिहायची. फ्रेंचची ‘एफआर’, हिंदीची ‘एचआय’, मराठीची ‘एमआर’. म्हणजे नवी समिती नको, परवानगी नको. वारंवारितेची यादी उघडायची आणि भरायला घ्यायचे. ए: वार्षिक. क्यू: तिमाही. डब्ल्यू: साप्ताहिक. डी: दैनिक. मग ‘बी’, कामकाजाचा दिवस, की ‘बाजार चालू असलेला दिवस’? इथे पहिला वाद होईल. एम: मासिक.